दोघांत एक मावशी

बाळंतपणाची रजा संपत आली तशी दातवाली एकेक दिवस मोजायला लागली.

इमारतीत तिला सगळे दातवालीच म्हणत. दातांच्या लॅबमध्ये ती कॅप आणि कवळ्या बनवायची. कुणाच्या दाताची छटा किंचित पिवळट, कुणाची राखाडी, हे तिला नुसत्या नजरेने कळायचं, आणि तिने बनवलेला दात शेजारच्या खऱ्या दाताला लाजवायचा. इतकं बारीक काम करणारी बाई, पण मुलाला कुठे ठेवायचं या एका प्रश्नापुढे तिची मती गुंग झाली होती. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कोण कधी दोन मजल्यांच्या मध्ये अडकेल आणि त्याला बोलावणं येईल, याचा नेम नसे. तिची आई केव्हाच गेलेली. सासूबाईंना गुडघ्यांमुळे स्वतःलाच उठवत नव्हतं, त्या नातवाला काय उचलणार?

मुलगा पाच महिन्यांचा होता. रडणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. भूक लागली तरी आधी इकडेतिकडे बघायचा, मूठ चोखायचा, छताकडे नजर लावायचा. शिपाई फाईल घेऊन येईपर्यंत वाट बघणाऱ्या अधिकाऱ्यासारखा. म्हणून बापाने त्याचं नाव ठेवलं होतं, साहेब.

आधी दोघं पाळणाघर बघायला गेले. तळमजल्यावरची मोठी खोली, जमिनीवर रबरी चटया, भिंतीला लागून पाळण्यांची रांग. सगळं स्वच्छ, फिनेलचा वास. चालवणारी बाई चष्मा कपाळावर सारून नियम सांगत होती. ताप असला तर आणायचं नाही. न्यायला उशीर झाला तर जादा पैसे. मूल आठवडाभर आलं नाही तरी महिन्याची फी पूर्ण.

"सांभाळायला बायका दोघीच ना? मुलं किती?" दातवालीने विचारलं.

"दहा. कधी अकरा. पण सगळी एकदम रडत नाहीत हो," असं म्हणून बाई स्वतःच हसली.

दातवाली हसली नाही. कोपऱ्यातल्या पाळण्यात एक मूल जागं होतं. त्याचं लाळेरं ओलंचिंब झालं होतं आणि ते आपल्याच बोटांकडे बघत पडलं होतं. ती दोघं तिथे होती तेवढ्या वेळात त्याच्याकडे कुणीही फिरकलं नाही. दुष्टपणा म्हणून नव्हे; दोघींच्याही काखेत एकेक रडणारं मूल होतं, आणि तिसरं चटईवर भोकाड पसरून बसलं होतं.

घरी आल्यावर नवऱ्याने फोनवर हिशेब मांडला. "हे बघ, पाळणाघराला तुझ्या पगाराचा चौथा हिस्सा जातो. घरी बाई ठेवली तर पाऊण पगार गेलाच म्हणून समज. मग कामावर जाऊन तुझ्या हातात काय उरणार? बसभाडं?"

"माझ्या पगाराचा का?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पोर काय माझ्या एकटीचं आहे? तुझ्या पगाराचा चौथा हिस्सा का नाही?"

तो म्हणाला, "बरं, आपल्या पगाराचा. पण आकडा तोच राहतो ना." आकडा तोच होता, हे खरंच होतं. पण तिच्या मनातून ते वाक्य काही गेलं नाही.

अशात वरच्या मजल्यावरची वकीलबाई एकदा जिन्यात भेटली. तिची मुलगी साहेबापेक्षा महिन्याभराने मोठी. त्या मुलीचा आवाज असा, की तिसऱ्या मजल्यावर रडली तर तळमजल्यावरचा कुत्रा उठून बसे. तिला सगळे मिरची म्हणत.

"अगं, दोघींत मिळून एकच मावशी ठेवू या की," वकीलबाई म्हणाली. "माझ्या ओळखीची आहे एक. दोन मुलांचे थोडे जास्त घेईल, पण अर्धे तू दे, अर्धे मी. पाळणाघरापेक्षा जरासे जास्त पडतील, पण मूल आपल्याच इमारतीत राहील. ताप आला म्हणून कुणी परत पाठवणार नाही."

दातवालीला ते पटलं. एका बाईच्या वाट्याला पाचाऐवजी दोनच मुलं! नवऱ्याने मात्र मान तिरकी केली. "आणि उद्या यांनी मध्येच अंग काढून घेतलं तर? अख्खी मावशी आपल्या गळ्यात."

"तू ना, नेहमी वाईटच बघ."

"लिफ्टवाला आहे मी. दोर तुटला तर काय, हे आधी बघावं लागतं."

मावशी आल्या. पन्नाशीच्या, भरल्या अंगाच्या, बडबड्या. आधी कुठल्याशा कारखान्यात पॅकिंगचं काम केलेल्या, आपली तिन्ही मुलं वाढवलेल्या. गाताना त्यांचा सूर लागत नसे आणि चष्मा कुठे ठेवला ते आठवत नसे. पण हात मऊ होते. साहेबाला पहिल्यांदा घेतलं तेव्हा त्याने त्यांच्या हनुवटीला हात लावला आणि तिथेच ठेवला. वकीलबाईचं घर मोठं, म्हणून दोन्ही मुलं तिथेच राहायची असं ठरलं.

पहिला महिना बरा गेला. कुरबुरी होत्या, पण भांड्याला भांडं लागायचंच. वकीलबाईला खिडक्या बंद हव्या असत, हिला उघड्या. शिवाय दातवाली पाचला मुलाला घेऊन जायची आणि मिरची सातपर्यंत मावशींकडे असायची. "आपले साहेब पाचला घरी, मिरची सातपर्यंत तिथे, आणि पैसे अर्धे-अर्धे," नवरा म्हणाला. "हे अर्धं कुठल्या शाळेत शिकवतात?" दातवालीने वकीलबाईकडे तो विषय कधी काढला नाही. चांगली सोय आहे, उगाच कशाला तोंड वाईट करायचं?

खरी गडबड केली ती कॅमेऱ्याने.

वकीलबाईच्या पुस्तकांच्या फळीवर एक पांढरा गोल डबा होता. त्यातून बैठकीची खोली फोनवर दिसायची. "तुलाही जोडून देते," वकीलबाई म्हणाली आणि दिलं जोडून. मावशींना हे सांगितलं आहे का, असं दातवालीने विचारलं नाही. सांगितलंच असेल, असं ती धरून चालली. न विचारण्यात तिची सोय होती.

मग लॅबमध्ये कामाच्या टेबलावर, प्लास्टरच्या जबड्यांना टेकून तिचा फोन उभा राहायला लागला. पोर्सेलीनचा एक थर लावायचा, एक नजर टाकायची. आधी बरं वाटलं. मग तिला एक गोष्ट दिसली आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. मावशी दर वेळी आधी मिरचीला उचलत. मिरची ओरडली की मिरची. मिरचीचं दूध, मिरचीचे कपडे, मिरचीला खांद्यावर घेऊन फेऱ्या. साहेब चटईवर. तो बघत असे. मूठ चोखत असे. त्याची पाळी येई, पण मागाहून येई.

तिला त्या कोपऱ्यातल्या ओल्या लाळेऱ्याची आठवण यायची. आपण पैसे अर्धे देतो, मग मांडी अर्धी का नाही? हा विचार आला की तिला स्वतःचीच लाज वाटे, आणि पुन्हा तोच विचार येई. जेवण जाईना. एका गिऱ्हाइकाचा दात दोनदा परत आला. लॅबचा मालक म्हणाला, "बाई, तुमचं लक्ष कुठंय? हा दात बघा, याच्या शेजाऱ्याला वाटेल परका माणूस घरात शिरलाय."

एकदा तिने न राहवून मावशींना विचारलंच. "मावशी, तुम्ही नेहमी मिरचीलाच आधी का घेता?"

मावशींना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "तुमचा थांबतो हो, ताई. ती थांबत नाही. मला दोनच हात आहेत, ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे आधी जाते." आणि कौतुकाने म्हणाल्या, "फार गुणी पोर आहे तुमचं."

गुणी! म्हणजे गुणी म्हणून मागे. तिने मान हलवली आणि मुलाला घेऊन जिना उतरली. पण हे तुम्हाला दिसलं कसं, हे मावशींच्या डोक्यात आलं नाही आणि हिनेही सांगितलं नाही.

आणि मग तो दिवस आला. लॅबमध्ये काम तुंबलं होतं. तिने कॅपांचा एक ट्रे भट्टीत सरकवला, तापमान लावलं, वळून फोनकडे पाहिलं. साहेब पालथा होता.

तो आजवर कधीच पालथा पडला नव्हता. पाठीवर ठेवलं की पाठीवरच असायचा. आता तो दुपट्यावर पालथा होता, तोंड खाली, एक हात छातीखाली दबलेला. हलत नव्हता. मावशी खोलीत नव्हत्या. मिरचीही नव्हती.

तिने मावशींना फोन लावला. तो फोन पडद्यावर, कोचाच्या हातावर, चमकताना तिला दिसला. वाजतोय, वाजतोय, कुणी येत नाही. वकीलबाईचा फोन कोर्टात बंद. तिने नवऱ्याला लावला.

"कुठे आहेस?"

"बाजारातल्या इमारतीत. का गं?"

"साहेब पालथा पडलाय. तोंड खाली आहे. मावशी नाहीत. तू जवळ आहेस, धाव. अरे, धाव!"

पलीकडे हत्यारं जमिनीवर पडल्याचा आवाज आला. तीही उठली. ॲप्रन अंगावरच, हातावर पांढरी भुकटी. मागून कुणीतरी "भट्टी!" म्हणून ओरडलं, पण तिच्या कानाला शब्द लागले आणि आत गेले नाहीत. रस्त्यावर टॅक्सी मिळाली. बसल्यावर तिने फोन डोळ्यांसमोर धरला आणि नेमकी पुलाखाली चित्र गेलं. काळा पडदा, मध्ये गोल गोल फिरणारी रेघ. "जरा जोरात," ती चालकाला म्हणाली. तो म्हणाला, "ताई, पुढे सिग्नल आहे." तिला वाटलं उतरून पळावं. तिला वाटलं पाळणाघर काय वाईट होतं, दोन बायका होत्या तिथे, एक आत गेली तर एक बाहेर असती. तिला वाटलं घरीच राहिले असते तर. लॅबमध्ये दात काय, कुणीही बनवेल. मनात नको ते सगळं येऊन गेलं, आणि सिग्नल काही सुटेना.

ती जिने चढून वर पोचली तेव्हा वकीलबाईच्या दारात शेजारपाजार गोळा झाला होता. नवरा आत, चपलांच्या कपाटावर बसून धापा टाकत होता. त्याच्या खांद्यावर साहेब. डोळे उघडे, लाळ गळतेय, बापाच्या कॉलरवरचं ग्रीस चाटतोय. तिने त्याला ओढूनच घेतलं. ऊन, जड, जिवंत. त्याला घेऊन ती तिथेच जमिनीवर बसली. आतल्या खोलीत मिरचीने आकाशपाताळ एक केलं होतं.

मावशी भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. "दार फोडायला लागले हो हे," त्या म्हणाल्या. "दार उघडा, दार उघडा! मला वाटलं चोर. दोन पोरं घरात, मी कशी उघडू? मग आवाज ओळखला."

"तुम्ही कुठे होता?" दातवालीचा आवाज चिरका निघाला.

"मिरचीने सगळं अंग भरवलं होतं. न्हाणीघरात धूत होते तिला. नळ चालू होता."

"आणि हा?"

"बाहेर आले तर पालथा. मी उचलला की लगेच, आणि तेवढ्यात दारावर..." मावशी मध्येच थांबल्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. "पण हा पालथा पडला हे तुम्हाला कामावर बसून कसं कळलं?"

नवऱ्याची नजर नकळत फळीकडे गेली. मावशींचीही त्याच्यामागे गेली.

"ते इंटरनेटचं आहे ना? वकीलबाई म्हणाल्या, इंटरनेटचं आहे."

"कॅमेरा आहे, मावशी," दातवाली म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे असं मला..."

मावशींनी डोक्यावरून हात फिरवला, केस सारखे करायला हवेत असं वाटल्यासारखा. "मी गाते इथे," त्या हळू म्हणाल्या. "पाय पसरून बसते. पोरं झोपली की माझाही कधी डोळा लागतो. घरचं काही आठवलं की रडतेसुद्धा. सगळं बघत होता? दोघीही?"

"मुलासाठी हो, मावशी. जीव राहत नाही म्हणून."

"विचारायचं होतं मला. मी बसले असते की कॅमेऱ्यासमोर. लपूनछपून कशाला? चोर आहे का मी?"

त्या दिवशी वकीलबाई येईपर्यंत त्या थांबल्या, कारण मिरचीला टाकून जाणं त्यांना जमलं नाही. पिशवी मात्र भरून दाराशी ठेवली होती. दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा राहिलेले पैसे न्यायला आला, आणि एक पैसाही जास्तीचा घेतला नाही.

वकीलबाईने सगळं खापर हिच्यावर फोडलं. "तुला सांगायची काय गरज होती? आणि पोरं पालथी पडतातच, त्यात एवढा तमाशा!" आठवड्याच्या आत मिरची कोर्टाजवळच्या एका महागड्या पाळणाघरात जायला लागली. दोर तुटला तर काय, या प्रश्नाचं उत्तर आता समोर होतं. नवरा "मी म्हटलं होतं" असं म्हणाला नाही, याबद्दल तिने मनातल्या मनात त्याचे आभार मानले.

लॅबमधला ट्रे जळून कोळसा झाला होता. मालकाने पैसे कापले नाहीत; म्हणाला, "पुढच्या वेळी पळायचं असेल तर खुशाल पळा, पण आधी भट्टी बंद करा." बिनपगारी सुट्ट्या टाकून तिने चार बायका बघितल्या. प्रत्येकीचा आकडा पाऊण पगाराच्या पुढचाच होता, आणि दुसरं कुटुंब जोडीला मिळेना. शेवटी साहेब पाळणाघरातच गेला.

पहिल्या दिवशी तिने सांभाळणाऱ्या बाईला बाजूला घेतलं. "हा रडत नाही. मागत नाही."

"मग बरंच आहे की!"

"बरं नाही. भूक लागली तरी गप्प राहतो. तुम्हीच मधून मधून बघत जा."

"हो हो, बघू ना," बाई म्हणाली आणि रडणाऱ्या दुसऱ्या मुलाकडे वळली.

आता कामाच्या टेबलावर फोन उभा नसे. बघायला काही नव्हतंच. दिसत होतं तेव्हा जीव जात होता, आता दिसत नाही म्हणून जात होता. ती हात धुवायला उठे, पुन्हा बसे, पुन्हा उठे. मात्र दात चुकले नाहीत.

दोन-तीन आठवडे झाले असतील. एका संध्याकाळी दोघं मिळून त्याला आणायला गेले, तर फाटकापाशीच किंकाळी ऐकू आली. ओळखीची नव्हती. आत साहेब पाळण्याचा कठडा धरून, तोंड लाल करून, गळा काढून ओरडत होता. त्यांना बघितल्यावरही थांबला नाही.

"अहो, तुमच्या मुलाचं काहीतरी करा," बाई म्हणाली. "रडत नाही म्हणाला होतात ना? सगळ्यांना उठवतो. उचलल्याशिवाय गप्प होत नाही."

नवऱ्याची छाती फुगली. "वा, साहेब! हुकूम सोडायला लागलात."

दातवालीने घरी येऊन मोरीचं दार लावलं आणि नळ सोडून रडून घेतलं. आपल्याला बरं वाटतंय की वाईट, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. तो मागायला शिकला होता. कुणीतरी आपणहून येईल, ही त्याची समजूत मात्र गेली होती.

थंडी संपताना एका संध्याकाळी ती औषधांच्या दुकानापुढे रांगेत उभी होती. साहेब खांद्यावर मलूल पडला होता. रांगेत पुढे, बाबागाडीत एक तान्हं घेऊन, मावशी होत्या. दोघींची नजरानजर झाली. दातवालीला वाटलं त्या तोंड फिरवतील. त्यांनी फिरवलं नाही.

"मोठा झाला की," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. "अगं बाई, अंग तापलंय याचं."

"हो. दुपारी पाळणाघरातून फोन आला." मग तिने एकदम बोलून टाकलं. "मावशी, चुकलं माझं. विचारायला हवं होतं तुम्हाला."

मावशींनी मान हलवली. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, नाही केलं असंही नाही.

"एक विचारू? त्या दिवशी तो किती वेळ पालथा होता?"

"माहीत नाही, ताई," मावशी म्हणाल्या. "खरंच नाही माहीत. मी आत होते. मलाही रात्री अजून ते आठवतं. बाहेर आले तेव्हा त्याने मान उचलली होती आणि दाराकडे बघत होता, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं."

मान उचलली होती. तिने साहेबाच्या मानेवर हात ठेवला. ती तापाने चटचटत होती.

"परत याल का आमच्याकडे? दुसरं कुणी जोडीला शोधते मी."

"नाही, ताई." मावशींनी शांतपणे सांगितलं. "हे लोक चांगले आहेत. आणि तुमच्या घरी मला आता गाता येणार नाही." बाबागाडीतलं बाळ कुरकुरलं. त्यांनी साहेबाच्या गालावर एक बोट टेकवलं आणि गाडी ढकलत निघून गेल्या.

औषध घेऊन ती दुकानाच्या पायरीवर आली आणि नवऱ्याला फोन लावला. उद्या पाळणाघर साहेबाला घेणार नव्हतं. लॅबमध्ये एका लग्नघरच्या गिऱ्हाइकाची अख्खी वरची कवळी अडून बसली होती. "उद्या तू की मी?" तिने विचारलं.

लिफ्टच्या पोकळीत तो लोंबकळत असावा. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला.

"मी राहतो," तो म्हणाला. "पण कुणी अडकलं आणि दुसरा माणूस मिळाला नाही, तर तुला यावं लागेल."

"येईन."

"भट्टी बंद करून ये."

तिला हसू आलं नाही, पण श्वास जरा मोकळा झाला. खांद्यावर साहेब कण्हला, मग आवाज चढवून रडायला लागला. ती त्याला थोपटत, पावलं उचलत घराकडे निघाली. औषधाची बाटली उघडायची होती, कपाळावर ठेवायला कापडाची पट्टी शोधायची होती, आणि अजून रात्र जायची होती.